सुऱ्यांसाठी भिंतीवरची चुंबकीय पट्टी: लावावी का, कुठे आणि कशी?

केळफूल

मंडळी, नव्या फ्लॅटच्या ओट्याचं काम सुरू होतंय, म्हणून हा धागा.

सध्याच्या घरात सगळ्यात वरच्या ट्रॉलीत चमचे, सोलाणं, किसणी, कात्री आणि त्यातच सुऱ्या अशी खिचडी आहे. सुरी काढताना बोटं जपावी लागतात, आणि ट्रॉली जोरात ओढली की सुऱ्यांची पाती किसणीवर आपटतात. आणल्या तेव्हा टोमॅटोवर नुसती ठेवली तरी कापणारी सुरी आता टोमॅटो चेमटवते. म्हणून भिंतीवर चुंबकाची पट्टी लावायचा विचार आहे. दिसायला फार छान दिसते हे खरं, पण फोटोतल्या स्वयंपाकघरांत कुणी रोज फोडणी करत नाही हेही कळतं.

घरात एक आठ इंच पात्याची मोठी सुरी, दोन लहान, ब्रेडची दातेरी, बहिणीने दिलेली पांढरी सिरॅमिकची आणि गावच्या लोहाराकडून करून आणलेली एक आहे. विळी आहे, ती सासूबाईंची, तिला कुणी हात लावत नाही.

पट्टी स्टीलची घ्यावी की लाकडाची? टाइलला भोकं पाडायची धास्ती वाटते, दोन्हीकडून चिकटणारी टेप पुरेल का? चुंबकाने धार जाते असं शेजारच्या काकू म्हणाल्या, ते खरं का? घरात साडेतीन वर्षांचा हनुमान आहे, हे लक्षात घेऊन सांगा.

आजीचा_बटवा

पातं असं उघड्यावर भिंतीला लटकवणं मला तरी पटत नाही. वास्तूतही चांगलं मानत नाहीत. विळी काम झालं की मिटून ठेवता येते, सुरीला म्यान घालता येतं. आमची अख्खी हयात दोन सुऱ्या आणि एका विळीवर गेली.

गंजका_खिळा

वास्तूचं मला कळत नाही, लोखंडाचं थोडं कळतं, नोकरीच त्यातली आहे.

आधी काकूंची शंका. चुंबकाने धार जात नाही. पोलाद काही महिने चुंबकाला चिकटून राहिलं तर त्यात थोडं चुंबकत्व उतरतं, टाचणी उचलेल इतपत. त्याने धारेला काही होत नाही. धार जाते ती सुरी काढता-घालताना, ते शेवटी सांगतो.

आता काय चिकटेल आणि काय नाही. आपण सगळ्यालाच ‘स्टील’ म्हणतो, पण डब्याचं स्टील वेगळं, सुरीचं वेगळं. डबे-वाट्यांचं चांगलं स्टील म्हणजे 304. त्यात साधारण 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेल. निकेलमुळे त्याची आतली रचना अशी होते की चुंबक त्याला धरत नाही, आणि उष्णता देऊन ते कडकही करता येत नाही, म्हणून त्याची सुरी होत नाही. सुरीला कार्बन लागतो. आपल्याकडच्या साध्या सुऱ्या बहुतेक 420 जातीच्या, क्रोमियम 12 ते 14 टक्के. जर्मन सुऱ्यांवर X50CrMoV15 असं कोरलेलं असतं, म्हणजे कार्बन अर्धा टक्का, क्रोमियम सुमारे 15. हे सगळं तापवून विझवलेलं पोलाद, ते चुंबकाला घट्ट धरतं. 1913 मध्ये शेफिल्डला हॅरी ब्रिअर्लीने बंदुकीच्या नळ्यांसाठी खटपट करताना जे न गंजणारं पोलाद काढलं आणि ज्याच्या पुढे सुऱ्या झाल्या, तेही याच जातीचं होतं.

तेव्हा तुझ्या यादीतली पांढरी सुरी सोडून सगळ्या चिकटतील. सिरॅमिकची म्हणजे झिर्कोनियाची, तिला चुंबक ओळखतच नाही. ती पट्टीला लावून बघायच्या फंदात कुणी पडू नये. खाली ग्रॅनाइटवर पडली की तुकडेच.

चुंबक दोन प्रकारचे येतात. स्वस्त पट्टीत काळे फेराइट, चांगल्या पट्टीत निओडिमियम. निओडिमियमची ओढ कितीतरी जास्त. साध्या प्रतीचं निओडिमियम 80 अंशांच्या वर ताकद गमावतं, म्हणून लोक गॅसजवळ लावायला घाबरतात, पण डॅडोच्या, म्हणजे ओट्यामागच्या भिंतीच्या, टाइल्स इतक्या तापत नाहीत. खरी अडचण अंतराची आहे. चुंबक आणि पातं यांच्यात जराशी फट आली की ओढ झपाट्याने उतरते. लाकडी पट्टीत चुंबक मागून बसवलेले असतात आणि पुढे लाकडाचा पापुद्रा उरतो. तो दोनेक मिलिमीटरपेक्षा जाड असेल तर मोठी सुरी हळूहळू घसरत खाली येते. दुकानात कागदाची दुहेरी घडी मध्ये धरून तिथली सगळ्यात जड सुरी लावून बघ. घसरली तर ती पट्टी घेऊ नकोस.

स्वस्तातल्या पट्टीत दोन लोखंडी रुळांमध्ये थोड्या थोड्या अंतरावर चुंबकाचे तुकडे बसवलेले असतात, मधल्या जागा पोकळ. सुरी कुठे चिकटते, कुठे नुसती टेकते. सलग पट्टी बघ.

आता काढण्या-घालण्याचं. लावताना आधी पात्याची पाठ, म्हणजे जाड बाजू पट्टीला टेकवायची आणि मग पातं अलगद आडवं पाडायचं. काढताना उलट: मूठ फिरवून आधी धारेची बाजू सोडवायची, पाठीवर उभी करायची, मग ओढायची. घाईत सरळ खाली खेचली तर धार पट्टीवर घासते. स्टीलच्या पट्टीवर तिला खाचे पडतात, लाकडाच्या पट्टीवर लाकडाला चरे पडतात. मी असतो तर लाकडी घेतली असती.

सहाण

गंजका_खिळा यांना अनुमोदन. एक भर घालतो. सुरीत चुंबकत्व उतरलं की धार लावताना निघणारा लोखंडाचा बारीक कीस पात्यालाच चिकटून बसतो. दगडावर घासून झाल्यावर नुसती पाण्याखाली धरून भागत नाही, ओल्या फडक्याने पाठीकडून धारेकडे नीट पुसायची. न पुसता पट्टीला लावली तर तो कीस पट्टीवर जमतो आणि पुढच्या सुरीला लागतो. सायकलवर चाक घेऊन येणाऱ्या धारवाल्याकडून सुऱ्या करून घेत असाल तर हे जास्तच जपा, त्या चाकाचा चुरा भरड असतो.

गिट्टीवाला

ताई, काम सुरू व्हायच्या आत विचारलंत हे बरं झालं. पाच मिनिटं काढून एक करा. टाइल्स लागायच्या आधी, वायरिंगचे पाइप आणि प्लंबिंग झालं की त्या भिंतीचे फोटो काढून ठेवा, भिंतीला मोजपट्टी धरून. ओट्याच्या वर मिक्सरचा बोर्ड, फिल्टरचा पॉइंट, चिमणीचा पॉइंट, सगळ्यांचे पाइप भिंतीत असतात. नंतर टाइल लागली की आत काय आहे ते दिसत नाही. बोर्डच्या सरळ वर, सरळ खाली आणि नळाच्या सरळ रेषेत कधीही ड्रिल लावायचं नाही.

भोकांची धास्ती नको. टाइलवर मास्किंग टेपची फुली चिकटवायची म्हणजे बिट घसरत नाही. सुरुवात हळू, हॅमर मोड बंद. साध्या ग्लेझ्ड टाइलला भाल्याच्या टोकासारखा कार्बाइड टाइल बिट चालतो. व्हिट्रिफाइड असेल तर ती फार कठीण, डायमंड बिट घ्यायचा आणि थेंब थेंब पाणी सोडत राहायचं. टाइल पार झाली की मगच भिंतीचा बिट लावून हॅमर चालू. टाइलच्या कडेपासून दूर राहा, कड लगेच टवका सोडते. बोटाने टकटक करून पोकळ वाजणारी जागाही टाळा.

आणि एक गोष्ट बहुतेक जण चुकवतात. गिट्टी, म्हणजे स्क्रू धरायला भोकात बसवतात तो प्लास्टिकचा तुकडा, टाइलच्या जाडीत अडकवून ठेवायची नाही, आत भिंतीत पूर्ण ढकलायची. स्क्रू आवळताना गिट्टी फुगते. ती टाइलमध्ये फुगली तर टाइल तडकते, आणि ती तडक आज नाही तर महिन्याने दिसते.

टेपबद्दल: व्हीएचबी प्रकारची, म्हणजे फोमसारखी जाड, दोन्हीकडून चिकटणारी चांगली टेप धरते, पण तिला गुळगुळीत, तेलाचा अंशही नसलेली टाइल लागते. आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायची आणि पुरती पकड यायला 72 तास द्यायचे, तोवर एकही सुरी लावायची नाही. खडबडीत किंवा नक्षीच्या टाइलवर टेपचा भरवसा धरू नका. भाड्याच्या घरात ठीक. स्वतःच्या घरात स्क्रूच मारा, सुऱ्या लटकणार आहेत.

केळफूल

बापरे, एवढी माहिती! गिट्टीवाला, आधीच गिट्ट्या बसवून वर टाइल लावता येणार नाही का?

गिट्टीवाला

नाही हो. टाइल लागू द्या, आतलं सिमेंट किंवा ॲडेसिव्ह पक्कं होऊ द्या, मग ड्रिल.

तिरफळ

आमच्या रत्नागिरीच्या हवेतलं सांगते. खारी हवा आणि जुलै-ऑगस्टमधली दमट हवा यात लोखंड एका रात्रीत तांबूस होतं. पट्टीचा इथे फायदाच झाला, कारण सुरी मोकळ्या हवेत राहते. लाकडी ठोकळ्यात खुपसून ठेवायचे तेव्हा आतल्या खाचेत काय साठलंय ते कधी दिसलंच नाही. पावसाळ्यात त्याला कुबट वास यायला लागला तेव्हा तो काढला.

पण सुरी ओली लावायची नाही म्हणजे नाही. पात्याच्या आणि पट्टीच्या मध्ये पाणी अडकून राहतं आणि नेमका तिथेच पट्टा गंजतो. केळफूल, तुझी लोहाराची सुरी बहुतेक गाडीच्या पाट्याची, म्हणजे स्प्रिंगच्या पोलादी पट्टीची असणार. आमच्याकडे कोयतेही पाट्याचेच करतात. त्या पोलादात कार्बन भरपूर आणि क्रोमियम नावाला, त्यामुळे धार अप्रतिम धरते आणि चुंबकाला तर अशी डसते की दोन हातांनी सोडवावी लागते. पण कांदा किंवा कैरी चिरून तशीच ठेवली की काळी पडते. चिरून झालं की लगेच धुऊन, कोरडी पुसून, खोबरेल तेलाचं बोट फिरवून लाव. लाकडी पट्टीवर तिचा काळा ओरखडा उमटेल, तो मात्र आपला मानायचा.

आमच्याकडे मासे अजून विळीवरच होतात. सुरमईचे तुकडे सुरीने करणारे लोक मला जरा दिखाऊ वाटतात, पण तो वेगळ्या धाग्याचा विषय.

आजीचा_बटवा

तिरफळ, अगदी. आणि विळी या पट्टीला लावायची कल्पना कुणाला सुचत असेल तर आत्ताच सांगते, नको.

हळदीचं_पान

एक महत्त्वाचा मुद्दा अजून कुणी काढला नाही. घरात कुणाला पेसमेकर आहे का? माझ्या वडिलांना आहे. चुंबक फार जवळ आला तर पेसमेकरची नेहमीची पद्धत तेवढ्यापुरती बदलते, दूर गेला की पूर्ववत होते. घरातल्या चुंबकांसाठी डॉक्टर साधारण सहा इंचांचं, म्हणजे 15 सेंटिमीटरचं अंतर छातीपासून राखायला सांगतात. ओट्याच्या मागच्या भिंतीवरची पट्टी छातीपासून एरवी लांबच असते. पण ओट्यावर वाकून मागची टाइल पुसताना किंवा पट्टी हातात घेऊन छातीशी धरून बसवताना अंतर राहत नाही. आमच्याकडे बाबा ते काम करत नाहीत, बस. तरी ज्यांच्याकडे असेल त्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारून घ्या.

निशी_कासाई

तोक्योहून. इकडे भाड्याच्या घरात भिंतीला भोक पाडायची सोयच नाही. सुऱ्यांवर इतकं प्रेम असलेला देश, पण इथल्या साध्या घरांत सुऱ्या भिंतीवर फारशा दिसत नाहीत. सिंकच्या खालच्या कपाटाचं दार उघडलं की आतल्या बाजूला प्लास्टिकची खाचा असलेली पेटी असते, तिच्यात सुऱ्या उभ्या. पुष्कळ ठिकाणी तिला लहान मुलांसाठी अडसरही असतो. भूकंपाच्या देशात भिंतीवर उघडं पातं नको, हा हिशेब मला पटला.

मी फ्रिजच्या बाजूला चिकटणारी पट्टी घेतली आहे, तिच्या पाठीलाही चुंबक असतो. भोक नाही, टेप नाही. फ्रिजच्या दाराला मात्र लावू नका, दर वेळी दार आपटलं की हादरा बसतो. आणि आधी साधा चुंबक लावून बघा. काही फ्रिजची बाजू प्लास्टिकची असते, काहींचं पुढचं स्टील चुंबकाला चिकटत नाही आणि काचेच्या दाराचा तर प्रश्नच नाही. मोठी सुरी मी तरीही दाराआडच्या पेटीतच ठेवते, पट्टीवर फक्त लहान आणि कात्री.

कोयनाकाठ

भूकंपाचं निघालंच म्हणून. आमच्या पाटण भागात 11 डिसेंबर 1967 चा कोयनेचा धक्का जुन्या लोकांच्या अजून अंगावर येतो, आणि लहान धक्के अधूनमधून चालूच असतात. भांड्यांची फळी वाजते इतपत. माझी पट्टी स्क्रूने मारलेली आहे, लहान धक्क्यात सुरी हललेली पाहिली नाही. पण पट्टीखाली काही ठेवत नाही, आणि जिथे कुणी पाट मांडून बसतं त्या भिंतीवर तर मुळीच लावली नाही.

बोरूबहाद्दर

वास्तूवाल्यांना एकच विचारतो, खंडेनवमीला आपण याच शस्त्रांना हळदकुंकू वाहतो ना? मग भिंतीवर दिसली तर काय बिघडलं? (पळतो.)

आजीचा_बटवा

बोरू, वाहतो, पण धुऊन, पाटावर मांडून. वर्षभर डोळ्यांसमोर टांगून नाही. आणि कुंकू तुझ्या त्या महागड्या लाकडी पट्टीला लागलं की निघत नाही, तेवढं लक्षात ठेव. :)

केळफूल

आजी, तुमचं म्हणणं सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, “बघ, मी सांगत नव्हते?” आता माझी पंचाईत.

तिरफळ, आमची खरंच पाट्याची आहे, आत्ताच नवऱ्याने गावी फोन करून विचारलं. हळदीचं_पान, आमच्याकडे पेसमेकर कुणाला नाही, पण हे मला अजिबात सुचलं नसतं.

जागेचं सांगा ना. गॅस डावीकडे, सिंक उजवीकडे, मध्ये चिरायची जागा साधारण साडेतीन फूट. वर ओव्हरहेड कपाटं. आणि हनुमानाचं काय?

गंजका_खिळा

गॅसच्या मागे नको. चुंबकासाठी नव्हे, हातासाठी. पेटलेल्या शेगडीवरून हात पुढे करून सुरी काढावी लागेल. शिवाय फोडणीचं तेल उडून पट्टीवर बसतं, त्यावर धूळ धरते, आणि त्या चिकट थराने पकड कमी होते. चिमणी असली तरी हे होतं. सिंकच्या मागेही नको, सारखे शिंतोडे. तुझी मधली साडेतीन फूट जागाच बरोबर, त्यातही सिंकपेक्षा कोरड्या बाजूला.

उंचीचं गणित असं. ओटा ते कपाट साधारण दोन फूट असतं. आठ इंच पातं आणि पाच इंच मूठ मिळून सुरी तेरा इंच. मूठ खाली ठेवून लावली तर पट्टी ओट्यापासून पंधरा-सोळा इंचांवर येऊ दे, म्हणजे मुठीखाली सहा-सात इंच जागा मोकळी राहील आणि टोक कपाटाला लागणार नाही. दोन सुऱ्यांमध्ये मूठ पकडायला चार बोटं जातील इतकं अंतर सोड. लोक दीड फुटाच्या पट्टीवर आठ सुऱ्या कोंबतात, मग एक काढताना शेजारची खाली येते. आयकियाची स्टीलची येते ती 56 सेंटिमीटरची आहे, तुझ्या पाच सुऱ्यांना तेवढी लांबी पुष्कळ झाली.

मोरावळा

मुलाच्या बाबतीत मी स्पष्ट सांगते. साडेतीन वर्षांचं मूल स्टूल ओढून ओट्यावर चढतं. सोळा इंच वर असली काय आणि वीस इंच वर असली काय, ओट्यावर उभं राहिल्यावर पट्टी त्याच्या थेट तोंडासमोर येते. माझी मुलगी त्या वयात डब्यातली साखर काढायला चढायची. आम्ही तेव्हा पट्टी ओव्हरहेड कपाटाच्या आत, मागच्या फळीवर लावली होती आणि शटरला मुलांचं लॉक. दाराच्या आतून लावू नका, दार आपटलं की सुरी सुटू शकते, आणि दार उघडताना पातं आपल्याच चेहऱ्याच्या उंचीला येतं. मुलगी मोठी झाल्यावर तीच पट्टी भिंतीवर आणली.

ट्रॉलीही तशी सुरक्षित नाहीच म्हणा, ती तर त्याच्या हाताच्या उंचीवर. तिथे ठेवायच्या तर खाचा असलेला लाकडी साचा बसवून, धार खाली करून ठेवा आणि ट्रॉलीला लॉक लावा.

निशी_कासाई

मोरावळा +१. मागच्या फळीवर लावताना स्क्रूची लांबी बघा, नाहीतर प्लायच्या पार जाऊन टाइलला लागेल.

केळफूल

ठरलं. सध्या पट्टी ओव्हरहेडच्या आत, मागच्या फळीवर, शटरला लॉक. लाकडी, सलग चुंबकाची. सिरॅमिकची सुरी तिच्या कव्हरमध्ये ट्रॉलीत. मुलगा शाळेत रुळला की पट्टी भिंतीवर, आणि त्यासाठी सुताराला आत्ताच जागा दाखवून ठेवणार आहे. सासूबाईंनाही हे चाललं, दार बंद केलं की सुऱ्या दिसत नाहीत म्हणून.

गिट्टीवाला, तुम्ही सांगितलं तसे आज फोटो काढले. जिथे पुढे पट्टी यायची, बरोबर त्याच्या खालीच मिक्सरचा बोर्ड आहे आणि पाइप सरळ वर गेलाय.

गिट्टीवाला

म्हणूनच सांगितलं होतं. पाइप वर गेलाय म्हणजे पट्टीच्या मधोमध येणार. दोन भोकांच्या पट्टीला काही अडत नाही, भोकं टोकांना असतात, पाइप मधून जाऊ दे. दोन्ही भोकांपासून पाइप किमान चार इंच लांब आहे ना, तेवढं फोटोवरच्या मोजपट्टीवर बघून सांगा. तीन भोकांची पट्टी मात्र घेऊ नका, मधलं भोक नेमकं वायरवर येईल.

केळफूल

डावीकडे नऊ इंच, उजवीकडे अकरा. दोन भोकांचीच बघते.